लागली की मारली?

(बोलताना आणि लिहिताना एखादे क्रियापद चुकले, तर घटनेचा अर्थच बदलून जातो. 'मारणे' या एका क्रियापदामुळे काय घडले, ते लेखकाने या पाठात आपल्या शाळेच्या दिवसांतील एका आठवणीतून सांगितले आहे.)

माझ्या डाव्या भुवईवर एक जुनी खूण आहे. तेवढ्या जागी केस उगवत नाहीत. कोणी नवीन माणूस भेटला, की थोड्या वेळाने विचारतोच, "हे काय झालं?" मी म्हणतो, "लहानपणी बॅट लागली." एवढ्यावर विषय संपतो. पण हे दोन शब्दांचे उत्तर बरोबर द्यायला मी एकदा चुकलो होतो. त्या चुकीची किंमत मात्र मी नव्हे, माझ्या मित्राने मोजली.

तेव्हा आम्ही ठाण्याला वर्तकनगरमध्ये राहत होतो. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याजवळची ही वस्ती. हाउसिंग बोर्डाच्या एकसारख्या इमारती, मध्ये मोकळे मैदान, थोड्या अंतरावर उपवनचा तलाव. जवळच पोखरण रस्त्यावर रेमंडची लोकरीची गिरणी होती. 1925 साली सुरू झालेली ही गिरणी आज तेथे नाही. त्या जागेवर आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. आमचे अब्बा वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात फिटर होते. घरात आम्ही उर्दू बोलत असू, शाळाही उर्दू माध्यमाची. पण जिन्यात, नळावर आणि मैदानात सगळा कारभार मराठीत चाले.

सकाळी जाग येई ती निरनिराळ्या आवाजांनी. खाली कोणी धुणे धोपटत असे. कोणाच्या घरी खलबत्त्यात आले-लसूण कुटत असत. शेजारच्या काकू बाळाला थोपटत. पलीकडे कोणी भिंतीत खिळा ठोकत असे. पावसाळ्यात पाऊस पत्र्यांना झोडपून काढी. आता विचार केला म्हणजे वाटते, या सगळ्या क्रिया एका अर्थी 'मारण्या'च्याच आहेत. पण बाळाला कोणी कुटत नाही आणि खिळ्याला कोणी थोपटत नाही! प्रत्येक आवाजाला त्याचे त्याचे क्रियापद आहे. त्या वयात मात्र माझे लक्ष तिकडे गेले नव्हते.

माझे लक्ष होते इंग्रजीकडे. आमच्या मजल्यावर एक निवृत्त कारकून राहत. सगळी मुले त्यांना 'काका' म्हणत. त्यांच्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची एक जीर्ण प्रत होती. संध्याकाळी गॅलरीत बसून ते आम्हा मुलांना इंग्रजी शिकवीत. पैसे घेत नसत. फक्त एक अट होती : उत्तर चुकले तरी चालेल, पण विचार न करता द्यायचे नाही.

एकदा त्यांनी वाक्य दिले, 'आम्ही तलावात उड्या मारल्या.' मी लगेच इंग्रजी केले, 'वी बीट जंप्स इन द लेक.' काका इतके हसले, की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. ते म्हणाले, "अरे, त्या उडीने तुझं काय बिघडवलं होतं, म्हणून तू तिला बडवलंस?"

मग त्यांनी आम्हांला एक खेळ दिला. 'मारणे' हे क्रियापद कोठे कोठे येते, ते आठवायचे. मराठीत आपण हाक मारतो, गप्पा मारतो, शिट्टी मारतो, मिठी मारतो, फेरफटका मारतो, दाराला रंग मारतो आणि कधी कधी थापही मारतो. मी उर्दूतली उदाहरणे सांगितली. उर्दूत डींग मारतात, छलांग मारतात, सामना जिंकला की मैदान मारतात. एवढेच काय, समुद्रसुद्धा ठाठें मारतो. यांपैकी कशातही कोणाला इजा होत नाही. मराठी आणि उर्दू या दोघी बहिणींनी 'मारणे' या शब्दाला घरातल्या थोरल्या मुलासारखे सगळ्या कामांना जुंपले आहे. इंग्रजीत तसे नाही. तेथे हाकेला 'कॉल', उडीला 'जंप', मिठीला 'हग', रंगाला 'पेंट' अशी वेगवेगळी माणसे कामावर आहेत.

खऱ्या मारण्यासाठीही इंग्रजीत क्रियापदांची रांगच आहे. उघड्या तळहाताने मारले तर 'स्लॅप', मुठीने मारले तर 'पंच', पायाने मारले तर 'किक'. दारावर ठकठक केली तर 'नॉक', बोटाने हलकेच टकटक केली तर 'टॅप' आणि शाबासकी देताना पाठीवर थोपटले तर 'पॅट'. आपण चापट, गुद्दा, लाथ ही नामे घेतो आणि त्यांच्यापुढे 'मारणे' लावतो. उर्दूतही थप्पड, घूँसा, लात यांच्यापुढे 'मारना' लावून काम भागते. इंग्रजीत मात्र कशाने मारले, हे क्रियापदातच सांगून टाकलेले असते.

त्याच सुमारास आणखी एक शब्द माझ्या कानावर वारंवार पडू लागला होता. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत त्याचे नेते होते आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. अब्बांच्या कारखान्यात गिरण्यांच्या यंत्रांचे सुटे भाग बनत. गिरण्या थांबल्या, तसे तेही काम थांबत आले. अब्बा घरी येऊन म्हणत, "स्ट्राइक चल रही है." मी शब्दकोश पाहिला, तर 'स्ट्राइक' म्हणजे मारणे! मला वाटले, तिकडे रोज मारामारीच चालली आहे.

काकांनी तो गोंधळ दूर केला. 1768 साली इंग्लंडमधल्या खलाशांनी आपल्या मागण्यांसाठी जहाजांची शिडे खाली उतरवली. शीड उतरवणे यालाही इंग्रजीत 'स्ट्राइक' म्हणतात. शीड उतरले, की जहाज जागचे हलत नाही. तेव्हापासून मजुरांनी काम बंद ठेवण्याला 'स्ट्राइक' म्हणू लागले. म्हणजे मारण्याचा एक शब्द हात न उगारण्यासाठी वापरला जाऊ लागला. मला याची मोठी गंमत वाटली. पण गंमत वाटणे वेगळे आणि शब्द समजणे वेगळे, हे मला पुढच्या वर्षी कळले.

25 जून 1983 रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. भारताच्या 183 धावा. वेस्ट इंडीजचा संघ 140 धावांत बाद. आमच्या इमारतीत ज्यांच्याकडे टीव्ही होता, त्यांच्या घरात त्या रात्री पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी काकांनी फळ्यावर वाक्य लिहिले, 'इंडिया बीट वेस्ट इंडीज.' "येथे 'बीट' म्हणजे हरवणे," असे ते म्हणाले. पण मला तो शब्दच इतका आवडला, की त्याचा अर्थ मी नीट ऐकलाच नाही.

पुढच्या रविवारी पावसाने उघडीप दिली आणि आम्ही मैदानात उतरलो. माझा समोरच्या खोलीतला मित्र फलंदाजी करत होता. तो माझ्याच शाळेत, माझ्याच नववीच्या वर्गात होता आणि शाळेच्या संघात नुकतीच त्याची निवड झाली होती. मी यष्टिरक्षक होतो आणि शहाणपणा करून अगदी यष्ट्यांना चिकटून उभा होतो. चेंडू आखूड पडला. मित्राने पूर्ण ताकदीने बॅट फिरवली. चेंडू दूर गेला. पण फिरून मागे आलेली बॅट माझ्या भुवईवर बसली.

पुढचे मला तुटक तुटक आठवते. मित्राने आपला सदरा काढून माझ्या कपाळाला बांधला. तो मला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेला. चार टाके पडले. टाके घालताना माझ्यापेक्षा तोच जास्त रडत होता.

डॉक्टरांनी आठ दिवस घरी राहायला सांगितले. रजेचा अर्ज इंग्रजीतच लिहावा, असा आमच्या इंग्रजीच्या सरांचा नियम होता. मी पलंगावर बसून अर्ज लिहिला. शब्दकोशात 'मारना' काढले. पहिलाच शब्द होता 'बीट'. मी लिहिले, 'माय फ्रेंड बीट मी विथ अ बॅट.' पुढे मित्राचे नावही घातले.

आज खरे तेच सांगितले पाहिजे. त्याच ओळीत 'हिट' हा शब्दही होता. मी तो पाहिला होता. पण जखम ठणकत होती, रविवारचा खेळ बुडाला होता आणि मला मित्राचा थोडासा रागही आला होता. 'बीट' हा शब्द मला जास्त दणकट वाटला. तोच मी उचलला. धाकट्या भावाच्या हाती अर्ज शाळेत पाठवला आणि झोपी गेलो.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. मित्र मला भेटायला आला नाही. तिसऱ्या दिवशी मी भावाला विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "भाईजान, त्याच्या अब्बांना शाळेत बोलावलं होतं."

मग हळूहळू सगळे समजले. सरांनी माझा अर्ज वाचला आणि मुख्याध्यापकांकडे नेला. एका मुलाने दुसऱ्याला बॅटने बडवले, असाच त्या वाक्याचा अर्थ होता. मित्राला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मी मारलं नाही." पण कागद वेगळेच सांगत होता. त्याचे वडील रिक्षा चालवत. दिवसाची कमाई सोडून ते शाळेत आले. त्यांनी अर्ज ऐकला आणि शरमेने सगळ्यांसमोर मुलाला थप्पड लगावली. मित्राचे नाव संघातून काढून टाकण्यात आले.

मी तसाच उठून काकांकडे गेलो. कपाळाला पट्टी होती. मी विचारले, "काका, 'बीट' म्हणजे मारणेच ना?"

"कोणतं मारणं?" काकांनी उलट विचारले.

मी अर्जातले वाक्य सांगितले. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला एवढंच सांग, त्याने तुला मारलं, की तुला बॅट लागली?"

"बॅट लागली."

"घरी काय म्हणालास?"

"बल्ला लग गया."

"बघ! मराठीत तुला 'लागणे' माहीत होतं, उर्दूत 'लगना' माहीत होतं. दोन्ही भाषांत तू खरं बोललास. तिसऱ्या भाषेत मात्र खोटं लिहिलंस."

मी म्हणालो, "काका, चूक झाली. मला इंग्रजी कमी येतं."

काकांनी पेन्सिल घेतली आणि वहीत तीन शब्द लिहिले. ते म्हणाले, "तू क्रिकेट खेळतोस ना? मग हे तुला कठीण नाही. फलंदाज स्वतःच्याच बॅटने यष्ट्या पाडतो, तेव्हा काय म्हणतात?"

"हिट विकेट."

"तो मुद्दाम पाडतो का?"

"नाही."

"तरी 'हिट'. म्हणजे हा शब्द फक्त एवढंच सांगतो, की एक वस्तू दुसरीवर आदळली. मुद्दाम की चुकून, हे तो सांगत नाही. ते पुढच्या शब्दांनी सांगावं लागतं. दगड, गाडी, बॅट कोणीही 'हिट' करू शकतं. आता 'स्ट्राइक'. हा 'हिट'चा भारदस्त भाऊ. वीज कोसळते, घड्याळाचे टोले पडतात, काडी ओढून पेटवतात, मनात एकदम विचार येतो, तेथे 'स्ट्राइक' चालतो. आणि 'बीट' म्हणजे पुन्हा पुन्हा. ढोल बडवणं म्हणजे 'बीट', अंडं फेटणं म्हणजे 'बीट'. हृदयही 'बीट' करतं, कारण ते एकदाच ठोका देऊन थांबत नाही. माणसाच्या बाबतीत लिहिलंस, तर अर्थ होतो, हरवलं. नाही तर मुद्दाम, घावावर घाव घालून मारलं. पुढे 'बॅटने' असं जोडलंस, म्हणजे पहिला अर्थ उरलाच नाही."

मी वहीकडे पाहत राहिलो. मैदानात चेंडू बॅटला न लागता मागे गेला, की आम्हीच 'बीट, बीट' म्हणून ओरडत असू. म्हणजे तेथे तर काहीच लागलेले नसे! तिन्ही शब्द रोज माझ्या तोंडात होते आणि एकाचाही अर्थ मी कधी विचारला नव्हता.

"काका," मी हळूच म्हणालो, "शब्दकोशात 'हिट' होता. मी पाहिला होता."

काकांनी माझ्याकडे रोखून पाहिले. पण ते रागावले नाहीत. "मग ही इंग्रजीची चूक नाही," एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

मी दुसरा अर्ज लिहिला. 'आय वॉज स्टँडिंग टू क्लोज. हिज बॅट हिट मी बाय ॲक्सिडंट.' खाली आणखी एक वाक्य लिहिले, की पहिल्या अर्जातला शब्द चुकीचा होता आणि ती चूक माझी आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचे न ऐकता मी शाळेत गेलो आणि अर्ज मुख्याध्यापकांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मित्राला बोलावून त्यांनी माझ्यासमोर त्याच्या पाठीवर हात ठेवला. पण संघाचा सामना आदल्या दिवशीच होऊन गेला होता. कागदावरचा शब्द मला खोडता आला. ती थप्पड आणि तो सामना खोडता आला नाही.

मित्र पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. मीही त्याला दोष दिला नाही. एके दिवशी संध्याकाळी मी मैदानाच्या कडेला उभा होतो. तो फलंदाजीला आला. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "कीपिंगला कोणी नाही. ये. पण दोन पावलं मागे उभा राहा."

मी दोन पावले मागे उभा राहिलो.

आज मी स्वतः शाळेत इंग्रजी शिकवतो. मुलांच्या वह्यांत 'ही बीट मी' असे वाक्य अनेकदा येते. मी त्यावर लगेच लाल रेघ ओढत नाही. आधी विचारतो, "कशाने? किती वेळा? मुद्दाम की चुकून?" बहुतेक वेळा धक्का लागलेला असतो, चेंडू लागलेला असतो. मुले हसतात आणि शब्द बदलतात.

एकदा मात्र उलटे घडले. एका मुलाने लिहिले होते, 'माय उस्ताद हिट मी.' शाळा सुटल्यावर तो एका गॅरेजमध्ये कामाला जात असे. वाक्य व्याकरणाने अगदी बरोबर होते. तरीही मी त्याला बाजूला घेऊन तेच तीन प्रश्न विचारले. तो खूप वेळाने बोलला. रोज, पट्ट्याने आणि मुद्दाम. येथे 'हिट' हा शब्द फार लहान होता. मी त्याला म्हणालो, "बेटा, येथे 'बीट' लिही." मग त्याच्या घरी जाऊन मी त्याच्या अम्मीशी बोललो आणि ते काम सुटले.

लहानपणी मी शब्द वाढवून लिहिला होता. त्या मुलाने भीतीमुळे कमी करून लिहिला होता. दोन्हींमुळे खरे झाकले जाते. कायदाही हाच फरक पाहतो. अपघाताने झालेली इजा आणि जाणूनबुजून केलेली इजा कायद्याच्या दृष्टीने एक नाहीत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तर शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे. कोणी मुलांना मारहाण करत असेल, तर 1098 या क्रमांकावर मदत मागता येते. पण मदत मागताना काय घडले, ते सांगावे लागते; आणि सांगण्यासाठी नेमका शब्द लागतो.

काका आता नाहीत. माझा मित्र ठाण्यातच आहे. ईदला भेटला, की गळाभेट घेताना त्याची नजर एकदा माझ्या भुवईकडे जाते. मग तो हसून दोन पावले मागे सरकतो. शेजारी उभ्या असलेल्या मुलांना काही कळत नाही. त्यांतला एखादा माझ्या कपाळाकडे बोट दाखवून विचारतो, "सर, हे कोणी मारलं?"

मी सांगतो, "कोणीही नाही. बॅट लागली."

शब्दार्थ

धोपटणे – कपडे आपटून धुणे. थोपटणे – हाताने हलके हलके मारून शांत करणे. झोडपणे – जोराने मारा करणे. जीर्ण – खूप जुनी. उघडीप – पाऊस थांबून मिळालेला कोरडा वेळ. यष्टिरक्षक – यष्ट्यांमागे उभा राहणारा खेळाडू. भारदस्त – वजनदार, रुबाबदार.

स्वाध्याय

1. लेखकाने पहिल्या अर्जात 'बीट' हा शब्द का निवडला? दोन कारणे लिहा.
2. "मग ही इंग्रजीची चूक नाही," असे काका का म्हणाले?
3. 'मारणे' हे क्रियापद असलेले पाच मराठी वाक्प्रचार लिहा. तेच अर्थ उर्दूत कसे सांगाल?
4. कंसातील योग्य क्रियापद निवडा : (थोपटणे, ठोकणे, कुटणे, बडवणे) खिळा –, ढोल –, बाळाला –, मसाला –.
5. तुम्हांला खेळताना काही लागले असेल, तर तो प्रसंग आठ-दहा ओळींत लिहा. 'मारले' आणि 'लागले' यांतील फरक लक्षात ठेवा.